पहिल्या फेरीचा नारळ

गॅरेजमध्ये पंच्याऐंशी पौंड हवा भरलेला सायकलचा टायर बाहेर नेऊन अर्धा तास ठेवला की ऐंशीच्या आसपास येतो. आमचं गॅरेज घराला लागून आहे, त्यामुळे एप्रिलमध्ये आत पंधरा अंश सेल्सिअस असतं आणि बाहेर सकाळी जेमतेम दोन. हवा थंड झाली की दाब उतरतो. टायरला भोक नसतं, व्हॉल्व्ह गळत नसतो, पंपही बिघडलेला नसतो. हा आकडा कागदावर आधी काढता येतो, आणि मी तो काढून पाहिला आहे. साडेऐंशी येतो. माझा गेज अर्धा पौंड दाखवत नाही, म्हणून ऐंशी.

हे मी आमच्या सायकल ग्रुपमधल्या राजेशला चार वर्षांत चारदा सांगितलं होतं. तरी दर एप्रिलला तो केन्सिंग्टनच्या पार्किंगमध्ये उभा राहून टायर अंगठ्यानं दाबायचा आणि दुकानदारानं आपल्याला फसवलं असं जाहीर करायचा.

केन्सिंग्टनचं मेट्रोपार्क मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या आणि ॲन आर्बरच्या साधारण मध्ये पडतं. तळ्याभोवती आठ मैलांचा डांबरी सायकलमार्ग आहे. आमचा ग्रुप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर दुसऱ्या शनिवारी तिथे जमायचा. चौदा सायकली, सगळे मराठी, बहुतेक ट्रॉयचे, आयटीतले किंवा गाड्यांच्या कंपन्यांतले. ॲन आर्बरहून आम्ही दोघीच, मी आणि माझी मुलगी हिमानी. माझा नवरा प्रफुल्ल सायकल चालवत नाही. नागपूरला बारा वर्षं चालवली तेवढी पुरे, असं तो म्हणतो. मी विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासते. आठवडाभर मशीनसमोर बसल्यावर शनिवारी सोळा मैल चालवले की पाठ मोकळी होते. ग्रुपमध्ये शिरण्याचं सांगण्यासारखं कारण एवढंच होतं.

न सांगण्यासारखं कारण शोभनाताई होत्या. आम्ही दोन हजार दोनच्या शेवटी आलो आणि पहिल्याच जानेवारीत मी घरासमोरच्या बर्फावर घसरून मनगट मोडून घेतलं. शोभनाताईंचे यजमान दिगंबरराव तेव्हा प्रफुल्लच्या ऑफिसात होते. त्यांच्याकडून कळल्यावर शोभनाताई ट्रॉयहून पन्नास मैल गाडी चालवत आल्या. आधी ओळख नव्हती. वरण, भाजी, पोळ्या, सगळं डब्यांत भरून आणि डब्यांवर तारखा लिहून त्यांनी फ्रीजमध्ये लावलं. तीन आठवड्यांत पाच वेळा आल्या. सहा वर्षांच्या हिमानीच्या वेण्या घातल्या. प्लास्टर निघाल्यावर म्हणाल्या की आता हाताला व्यायाम पाहिजे, आणि आपली जुनी गिअरची सायकल आमच्या दारात आणून उभी केली. ती मी अजून वापरते.

शोभनाताई मूळच्या पुण्याच्या, सदाशिव पेठेतल्या. पंचविसाहून जास्त वर्षं मिशिगनमध्ये. ग्रुपमधल्या सगळ्यांच्या त्या ताई आणि मुलांच्या मावशी. सायकलींच्या पूजेची कल्पना त्यांचीच.

आपल्याकडे वाहनांची पूजा दसऱ्याला होते. इथे दसऱ्यापर्यंत सायकली गॅरेजच्या खुंटीला टांगायची वेळ येते, म्हणून शोभनाताईंनी ती पूजा मोसमाच्या पहिल्या फेरीवर आणून ठेवली होती. चौदा सायकली एका ओळीत उभ्या करायच्या. हॅंडलला हळदकुंकू आणि झेंडूऐवजी दुकानात मिळतील ती पिवळी फुलं. मग छोटी आरती. मग पार्किंगमध्ये गाड्यांची चाकं अडवायला जे काँक्रीटचे ओंडके असतात, त्यांतल्या एकावर नारळ. दोन हजार पाचला दिगंबररावांचा नारळ न फुटता घरंगळत एका पिकअप ट्रकखाली गेला होता आणि तो काढायला राजेश पोटावर झोपला होता. एकदा पार्कचा माणूस चौकशीला आला. दिगंबररावांनी त्याला सांगितलं की आम्ही अपघाताचा विमा काढतोय. तो नारळाचा तुकडा खाऊन गेला.

त्या वेळात मी टायर तपासत असे.

पहिल्या वर्षी हे आपोआप झालं. कोणाच्या तरी टायरमध्ये हवा कमी होती, गेज माझ्यापाशी होता, मी वाकून बसले आणि उठले तेव्हा आरती संपली होती. दुसऱ्या वर्षी मी हिशेब केला. चौदा सायकली म्हणजे अठ्ठावीस टायर. एकाला पंचवीस सेकंद धरले तर अकरा मिनिटं चाळीस सेकंद. पूजेला नऊ लागायची. मी ओळीच्या दूरच्या टोकापासून सुरुवात करायची. कोणाला वावगं वाटलं नाही. उलट अपर्णा म्हणजे कामाला वाघ, असं नाव झालं. प्रसादाचं खोबरं मी घेत असे. खोबरं म्हणून.

आम्ही बौद्ध आहोत. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा माझे आजोबा त्या मैदानावर होते. भंडाऱ्याहून ते दोन दिवस चालत आणि उरलेलं अंतर बैलगाडीनं आले होते. त्या दिवसापासून आमच्या घरात पूजा, आरती, नारळ यांतलं काही झालेलं नाही. आमच्याकडे हे कोणी फार बोलूनही दाखवत नाही. जसं काही घरांत मांसाहार नसतो, तसं आमच्या घरात हे नाही. ही गोष्ट मी ग्रुपपासून लपवली असं म्हणता येणार नाही, कारण कोणी थेट विचारलं नव्हतं. पण सांगितलीही नव्हती. आमचं आडनाव गणवीर. विदर्भातला माणूस ऐकताच काय ते समजतो. पुण्याकडच्यांना त्यातून काही कळत नाही. शोभनाताईंनी एकदा विचारलं होतं, गणवीर म्हणजे कोकणातले का. मी म्हणाले, नाही, भंडाऱ्याकडचे. त्या म्हणाल्या, तरीच तुझ्या हातच्या वांग्याला वेगळी चव असते.

प्रफुल्लच्या ऑफिसातल्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आहे. त्या मजल्यावर आणखी तिघांच्या टेबलांवर आहे, त्यांतले दोघं अमेरिकन. त्यामुळे दिगंबररावांना त्यातून काही उमगलं नसावं.

पहिली तीन वर्षं मला वाटायचं, ओघात विषय निघेल तेव्हा सांगू. मग दोन हजार सहाचा मे महिना आला. दिल्लीत मेडिकलच्या विद्यार्थ्यांचं आरक्षणाविरुद्ध आंदोलन चाललं होतं आणि ग्रुपच्या मेल्समध्ये सायकलींऐवजी तेच यायला लागलं. राजेशनं एक व्यंगचित्र पाठवलं: ऑपरेशनच्या टेबलावरचा पेशंट डॉक्टरला विचारतोय, आधी सांगा, तुम्ही कुठल्या यादीतून आलात. पुढच्या शनिवारी तळ्याच्या काठावर आम्ही केळी खात बसलो होतो तेव्हा त्यानं तेच पुन्हा तोंडी सांगितलं. सगळे हसले. शोभनाताईही हसल्या. फार नाही, दोन-तीन सेकंद, आणि मग त्यांनी मला विचारलं की आणखी एक केळं हवं का. मी घेतलं.

राजेश वाईट माणूस नाही, हे मला नोंदवायला हवं. हिमानीच्या सायकलची चेन पडली की तो स्वतःची सायकल आडवी टाकून धावतो. पण त्या दिवसानंतर ओघात सांगण्याची शक्यता संपली. आता सांगायचं तर ते सांगण्यासाठीच सांगावं लागणार होतं.

प्रफुल्ल याबाबतीत मला काही म्हणत नसे. त्याच्या टीममधल्या सगळ्यांना माहीत आहे की तो चौदा एप्रिलला सुट्टी घेतो आणि का घेतो; दिगंबरराव मात्र दुसऱ्या टीममध्ये होते. मी त्याला व्यंगचित्राचं सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं की मी काय उत्तर दिलं. काही नाही, म्हणाले. तो ताटावरून उठला, हात धुऊन आला आणि म्हणाला, "तुझे मित्र आहेत, तू ठरव. फक्त ठरव."

दोन हजार सातच्या मार्चमध्ये राजेशनं पहिल्या फेरीची तारीख जाहीर केली: शनिवार, चौदा एप्रिल. मागची चारही वर्षं चौदा तारीख कामाच्या वारी आली होती आणि आमचा जयंतीचा कार्यक्रम पुढच्या-मागच्या रविवारी व्हायचा. या वेळी तारीखच शनिवारी आली होती. डेट्रॉइटच्या आसपासची आमची वीस-बावीस कुटुंबं कँटनमधला एक हॉल घेणार होती, दुपारी दोनला. प्रफुल्लकडे खुर्च्या आणि माईक. हिमानी तीन मिनिटं बोलणार होती.

केन्सिंग्टनहून कँटन अर्धा तास. फेरी साडेअकराला संपते. घरी न जाता वाटेत कपडे बदलले तरी आरामात पोचता आलं असतं. म्हणजे वेळेचं कारण माझ्यापाशी नव्हतं. हे गणित मी दोनदा केलं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

आणि मग शोभनाताईंचा फोन आला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं होतं. सायकल यंदा बंद, पण पहिल्या दिवशी त्या येणार होत्या. त्यांनी आधी हिमानीच्या शाळेची चौकशी केली, मग माझ्या मशीनची, ज्याला त्या तुझं ते यंत्र म्हणतात. मग मुद्द्यावर आल्या. म्हणाल्या, गुडघा आता नारळ फोडायला वाकत नाही, आणि यांच्या हातात दिला तर पुन्हा ट्रकखाली जाईल.

"या वर्षी पूजा तू करायचीस. चार वर्षं बघतेय मी, सगळे आरतीला उभे असतात आणि तू तिकडे कोपऱ्यात कुणाच्या तरी टायरशी झटत असतेस. कधी पुढे म्हणून येत नाहीस. यंदाचा मान तुझा. मी राजेशला सांगून टाकलंय."

मी म्हणाले, बघते.

बघते हा शब्द मी त्या महिन्यात फार वापरला. राजेशची मेल आली की नारळ आणि फुलं ताई आणतील, आरतीचं तबक त्याची बायको प्रतिमा आणेल, तू फक्त ये. मी लिहिलं, बघते. प्रफुल्लनं विचारलं की बोललीस का. म्हणाले, बघते. शोभनाताईंना मेल लिहायला बसले, तीन वेळा. पहिली फार लांब झाली. तिच्यात आजोबा आले, बैलगाडी आली, व्यंगचित्रही आलं. दुसरी दोन ओळींची होती आणि राजीनाम्यासारखी वाटत होती. तिसरीत मी तब्येतीचं कारण लिहिलं आणि पाठवण्याआधी पुसलं. मला भीती भांडणाची नव्हती. शोभनाताई भांडणाऱ्यांतल्या नाहीत. त्या म्हणतील, अगं त्यात काय, आम्ही असलं काही मानत नाही. आणि पुढच्या वेळी डबा देताना एक क्षण थांबतील. डब्यांवर तारखा लिहून फ्रीजमध्ये लावणारी बाई एक क्षण थांबली तर मला ते दिसेल, आणि एकदा दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येणार नाही. चार वर्षं मी बोलले नव्हते ते या एका क्षणासाठी.

हिमानीनं भाषण इंग्रजीत लिहिलं होतं. त्यात पणजोबा होते. वाचून दाखवताना तिनं मध्येच विचारलं की शोभनामावशीलाही बोलवायचं का. मी म्हणाले, त्यांना आपल्या कार्यक्रमाचं माहीत नाही.

"इज इट अ सीक्रेट?"

"नाही."

"देन इट्स काइंड ऑफ वीअर्ड, आई," ती म्हणाली आणि पुढचा परिच्छेद वाचायला लागली.

त्या आठवड्यात बुधवारी बर्फ पडला. शनिवारपर्यंत रस्ते कोरडे झाले होते, पण पार्किंगच्या कडेला राखाडी ढीग उरले होते. प्रफुल्ल सकाळी आठलाच खुर्च्या लावायला कँटनला गेला होता. मी गाडीच्या मागे सायकली अडकवल्या. कार्यक्रमाचे कपडे, माझी पांढरी साडी आणि हिमानीचा पांढरा सलवार-कुडता, हॅंगरवर घालून मागच्या सीटच्या वरच्या हुकला लावले, चुरगळू नयेत म्हणून. जयंतीला आमच्याकडे पांढरं नेसतात. मी लहानपणापासून चौदा एप्रिलला आईला पांढऱ्या साडीतच पाहिलं आहे. त्यात विशेष काही आहे असं त्या सकाळी माझ्या मनातही आलं नाही.

गाडी चालवताना मी ठरवलं होतं की पोचल्या पोचल्या शोभनाताईंना बाजूला घेऊन सांगायचं. पोचलो तेव्हा त्या खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या, गुडघ्यावर शाल, आणि त्यांच्याभोवती सहा-सात जण. सारस पक्ष्यांची एक जोडी पार्किंगमधून कोणाला न जुमानता चालत गेली आणि सगळे फोटो काढायला धावले. मग राजेश टायर दाबत आला आणि दुकानदाराला शिव्या घालू लागला. मी त्याला पाचव्यांदा तापमानाचं सांगितलं. त्यानं पाचव्यांदा मान डोलावली. म्हणाला, "आज तू पंप खाली ठेव, यार. आज तू आमची भटजी."

प्रतिमा माझ्या गाडीकडे गेली. पाण्याचे कॅन दर वेळी माझ्याच गाडीत ठेवतात, कारण ती सर्वांत रिकामी असते. तिनं मागचं दार उघडलं, कॅन ठेवले आणि परत येताना तिची चाल मंदावलेली होती. ती सरळ शोभनाताईंकडे गेली आणि त्यांच्या कानाशी वाकली. दोघींनी माझ्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

शोभनाताई काठी घेऊन उठल्या. मी बसा म्हणत होते तरी त्या माझ्यापर्यंत चालत आल्या. ऑपरेशननंतर त्यांना चालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. डावा पाय जरा बाहेर पडत होता. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "सांगितलं का नाहीस गं? कोण गेलं?"

मला कळलं नाही. कोणताही प्रश्न विचारला की मी आधी थोडा वेळ घेते. घरी प्रफुल्ल त्यावरून चिडवतो की तुझा सिग्नल सॅटेलाइटवरून येतो. त्या वेळात शोभनाताईंनी स्वतःच उत्तर काढलं.

"रात्री फोन आला का नागपूरहून? सासरे का? त्यांना मधुमेह होता ना?" त्यांचे डोळे भरले होते. "राहू दे. आत्ता नको बोलूस. आणि पांढरी साडी घेऊन तू इथे आलीस, आम्हाला नाही म्हणायला नको म्हणून. वेडी आहेस."

तेव्हा मला साडीचं लक्षात आलं. मी तोंड उघडेपर्यंत त्या वळल्या होत्या. काठी टेकत ओळीपर्यंत गेल्या आणि सगळ्यांना खालच्या आवाजात काहीतरी म्हणाल्या.  दिगंबररावांनी टोपी काढली. राजेश माझ्याकडे आला. हेल्मेट हातात धरलेलं, कानांच्या पाळ्या थंडीनं लाल.

"आय ॲम सो सॉरी, अपर्णा. तिकिटाचं काही असेल तर मला सांग. मी आत्ता लॅपटॉप काढतो." तो खरंच गाडीकडे निघाला. त्याला मी थांबवलं.

माझ्या शेजारच्या सायकलच्या कॅरिअरवर तबक ठेवलेलं होतं: हळद, कुंकू, फुलं, कापूर, नारळ. प्रतिमानं ते उचललं आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. जाताना तिनं ते माझ्या अंगाला लागू नये म्हणून थोडं बाजूला धरलं. शोभनाताईंनी ते पाहिलं आणि मलाच समजावल्यासारखं बोलल्या, "मी काही फार मानणारी नाही, माहितीय तुला. पण सुतक आहे, नारळाला आज तू हात नको लावूस. तू तिकडे गाडीपाशी उभी राहा. पूजा प्रतिमा करेल."

मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून ओळ वीस फुटांवर होती. हिमानी आपली सायकल सोडून माझ्याकडे आली.

"आई, हू डाइड?"

"कोणी नाही."

"देन व्हाय इज एव्हरीवन बीइंग सो नाइस?"

मी तिला थांब म्हणाले. मला विचार करायचा होता आणि त्यासाठी फार वेळ नव्हता. तिकडे कापूर पेटवायला काड्या ओढणं चाललं होतं आणि वाऱ्यानं त्या विझत होत्या.

जे घडलं होतं त्याचं एक सोपं रूप असं होतं: चार वर्षांत मला मिळालेलं हे सर्वांत चांगलं कारण होतं. मी ते शोधलं नव्हतं, उच्चारलंही नव्हतं. नुसतं गप्प उभं राहिलं की पूजा टळत होती, शोभनाताई दुखावत नव्हत्या, कोणाच्या हाताला डबा देताना थांबावं लागत नव्हतं. फेरी न करता निघाले असते तरी कोणी विचारलं नसतं.

पण गप्प राहिलेलं पुढे चालवावं लागलं असतं. संध्याकाळी शोभनाताईंचा फोन येणार. सोमवारी त्या गुडघा घेऊन पन्नास मैल गाडी चालवत येणार, डबे घेऊन, कारण सुतकात चूल पेटवायची नसते अशी त्यांची समजूत. प्रफुल्लसमोर बसून त्याच्या वडिलांबद्दल चार शब्द बोलणार. माझे सासरे दादाराव नागपुरात धडधाकट होते. त्याच सकाळी फोनवर त्यांनी हिमानीचं भाषण ऐकलं होतं आणि फार भरभर बोलतेस म्हणून दोनदा म्हणून घेतलं होतं. एक नारळ न फोडण्यासाठी मी त्यांना मारणार होते. आणि हिमानीला त्यात सामील करून घेणार होते. ती माझ्या बाहीला धरून उभी होती आणि तिकडे बघत होती.

आणखी एक गोष्ट होती. तबक माझ्यापासून बाजूला धरून नेलं गेलं, मला हात लावू नको म्हटलं गेलं, दूर उभं राहा म्हटलं गेलं. आणि हे सगळं प्रेमानं, डोळ्यांत पाणी आणून. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या आजीला हीच दोन वाक्यं रोज ऐकावी लागत, प्रेमाशिवाय. ती ऐकून ती काय करत असे, ते मला कोणी सांगितलं नाही. बहुधा गाडीपाशी नाही, पण अशीच कुठेतरी वीस फुटांवर उभी राहत असेल.

कापूर पेटला. प्रतिमानं नारळ उचलला आणि दिगंबररावांनी तिला काँक्रीटचा ओंडका दाखवला. सगळे हात जोडून उभे होते. राजेश अधूनमधून माझ्याकडे काळजीनं पाहत होता.

मी हिमानीचा हात धरला आणि ओळीपर्यंत चालत गेले. वीस फूट, आठ पावलं. शोभनाताईंनी मला येताना पाहिलं आणि काठीचा हात उचलून मागेच थांब अशी खूण केली. मी थांबले नाही. त्यांच्या समोर येऊन उभी राहिले. प्रतिमाचा हात नारळासकट वरच राहिला. आवाज लहान निघू नये म्हणून मी आधी श्वास घेतला.

"शोभनाताई, कोणी गेलेलं नाही. माझे सासरे ठणठणीत आहेत. साडी पांढरी आहे कारण आज बाबासाहेबांची जयंती आहे आणि दोन वाजता कँटनला आमचा कार्यक्रम आहे. आम्ही बौद्ध आहोत. मी पूजा करत नाही. सुतक म्हणून नाही, कधीच करत नाही, आणि यापुढेही करणार नाही."